ऐकण्याच्या खोलीतला पडदा

ज्या खोलीत फक्त गाणे ऐकायचे, त्या खोलीत टीव्ही किंवा प्रोजेक्टर आणावा का, या प्रश्नावर संगीत ऐकणाऱ्यांची घरे दुभंगलेली आढळतात. काहींना तो विचारही पाप वाटतो. काही जण दोन स्पीकरच्या मधोमध पासष्ट इंची टीव्ही टांगून मोकळे होतात. या दोन्ही टोकांच्या मध्ये ‘टीव्ही आणू, पण लपवून ठेवू’ म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि माझे लिहिणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा मी जे वाचले, मोजले आणि करून पाहिले, त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. डोळ्यांपासून लपवलेली वस्तू कानांपासून लपलेली असतेच असे नाही. ऐकण्याच्या खोलीत पडदा आणायचा असेल, तर तो बंद असताना दिसतो की नाही हे नंतर पाहावे. तो बंद असताना ऐकू येतो की नाही, हे आधी पाहावे.

आमची ही खोली इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घराच्या माडीवर आहे. लांबी अठरा फूट, रुंदी तेरा, उंची जवळपास दहा. भिंती विटा-चुन्याच्या आणि जाड, वर लाकडी तुळया. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर जमवलेल्या ध्वनिमुद्रिका इथेच आहेत, आणि त्यांत मोठा वाटा उस्ताद अमीर खाँसाहेबांचा आहे. यात नवल नाही. खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ सारंगीवादक होते आणि होळकरांच्या पदरी होते. खाँसाहेबांचे तालीम-रियाजाचे दिवस याच शहरात गेले, आणि इथल्या जुन्या मराठी घरांत त्यांचे नाव घरच्या माणसासारखे घेतले जाते. त्यांचा झूमरा तालातला अतिविलंबित ख्याल ज्याने नीट ऐकला आहे, त्याला शांत खोलीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. चौदा मात्रांचे ते आवर्तन इतके संथ चालते की दोन स्वरांच्या मधली जागाही गाण्याचाच भाग असते. त्या जागेत पंख्याची घरघर आली, तर गाण्यातलेच काही खोडले गेल्यासारखे होते. माळव्यातली रात्र वर्षातले बरेच महिने गार असते, खोलीत पंखा न लावता बसता येते. शब-ए-मालवाचे कौतुक लोक थंड हवेसाठी करतात. मला त्यातली पंख्याविना मिळणारी शांतता अधिक मोलाची वाटते.

अशा खोलीत पडदा हवा, असे म्हणणारे माणूस आमच्याकडे कोणी तरुण नव्हते. ते होते माझ्या सासूबाई. ‘अगं, मी गाणं ऐकायला शिकले ते समोर बसून,’ त्या म्हणाल्या. ‘गाणाऱ्याचा चेहरा दिसत नाही तोवर माझं गाणं अर्धंच राहतं.’ यावर मी बराच विचार केला आणि त्यांचे म्हणणे मला पटले. आपले संगीत बैठकीचे आहे. गायक तबलजीकडे पाहतो, तानपुऱ्यावरची शिष्या मान किंचित हलवते, समेच्या आधी सगळ्यांचे हात थोडे वर येतात, आणि हे सगळे पाहणाऱ्या श्रोत्याला सम कुठे येणार हे अंगातून कळते. फिल्म्स डिव्हिजनने अमीर खाँसाहेबांवर लघुपट काढलेला आहे. त्यांचे ते स्थिर बसणे आणि मिटलेले डोळे पाहिले की त्यांची आलापी कुठून येते याचा काही अंदाज लागतो, आणि तो नुसत्या तबकडीवरून मला कधीच लागला नसता. तेव्हा गाणे पाहणे हा ऐकण्याचा शत्रू नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत, एकीने दुसरीला धक्का न लावता नांदाव्यात, एवढेच साधायचे होते.

प्रथम उघड्या टीव्हीचा विचार. दोन स्पीकरमधल्या काचेच्या पृष्ठभागाला बरीच दूषणे दिली जातात, आणि त्यांतली सगळीच खरी नाहीत. ट्वीटरचा, म्हणजे स्पीकरमधल्या उंच स्वरांच्या छोट्या भागाचा, बारीक आवाज बहुतांशी पुढे जातो, तो मागच्या काचेपर्यंत फारसा पोहोचत नाही. त्याखालचे मधले स्वर मात्र स्पीकरच्या कडेने वळून मागे जातात, मागच्या पृष्ठभागावर आपटतात आणि परततात. स्पीकर भिंतीपासून एक मीटर पुढे असेल, तर हा परतीचा आवाज दोन मीटरचा जास्तीचा प्रवास करून, म्हणजे सुमारे सहा मिलिसेकंद उशिराने, मूळ आवाजात मिसळतो. पण हे कोऱ्या भिंतीवरही घडते. पासष्ट इंची टीव्ही म्हणजे सुमारे 144 सेंटिमीटर रुंद आणि 81 सेंटिमीटर उंच काच. तिचे खरे नुकसान असे की, ज्या जागी आवाज शोषणारे किंवा विखुरणारे काही हवे असते, नेमकी तीच जागा ती अडवते. आमच्या त्या भिंतीवर मध्यभागी लाकडी चौकटीत रॉकवूल भरून वर महेश्वरी सुती कापड ताणले आहे. ते लावल्यापासून गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मध्ये, जरा मागे सरकून, एका जागी उभा राहतो. ती जागा टीव्हीला देणे मला मान्य नव्हते. शिवाय काळ्या काचेत दिव्याचे आणि स्वतःचे प्रतिबिंब समोर घेऊन ऐकायला बसणे मला मुळीच रुचत नाही.

मग कपाट. बहुतेक जण इथेच थांबतात, कारण सुतार ते सहज करून देतो आणि दिसायला ते देखणे होते. सरकत्या फळ्यांमागे टीव्ही, किंवा घडीच्या दारांमागे, किंवा बसक्या कपाटातून बटण दाबताच वर येणारा टीव्ही. शेवटचा प्रकार सर्वांत आकर्षक वाटतो, पण पासष्ट इंची टीव्ही पूर्ण आत जायचा तर कपाट मीटरभर उंच करावे लागते, आणि मीटरभर उंचीचा लाकडी खोका दोन स्पीकरच्या मध्ये उभा करणे म्हणजे उघड्या टीव्हीपेक्षा मोठा अडथळा स्वतः होऊन उभारणे होय.

फळ्यांच्या कपाटाचा दोष त्याहून सूक्ष्म आहे. पातळ फळी आणि तिच्यामागची कोंडलेली हवा मिळून एक कंपन पावणारे जोडकाम तयार होते: फळी म्हणजे वजन, हवा म्हणजे स्प्रिंग. ते कोणत्या स्वराला हलेल, हे काढण्याचे साधे सूत्र आहे. फळीचे दर चौरस मीटरचे वजन किलोत घ्यावे, मागच्या पोकळीची खोली मीटरमध्ये घ्यावी, दोन्हींचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याने साठाला भागावे. सहा मिलिमीटरचे प्लायवूड दर चौरस मीटरला पावणेचार किलोच्या आसपास भरते. मागे नऊ-दहा सेंटिमीटरची बंद पोकळी असेल तर उत्तर 100 हर्ट्झच्या जवळपास येते. आता तानपुरा आठवावा. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यात जोडीच्या तारा 138 हर्ट्झच्या आसपास, खर्ज त्याच्या निम्म्यावर म्हणजे 69, आणि पहिली तार मंद्र पंचमाची असेल तर ती 104 हर्ट्झवर लागते. म्हणजे टीव्ही लपवण्यासाठी बनवलेली ती सुंदर फळी नेमकी तानपुऱ्याच्या पंचमावर जागी होते. ती त्या स्वरातली काही शक्ती स्वतःकडे खेचते आणि थोडी उशिराने परत सोडते. ऐकणाऱ्याला ‘फळी वाजते आहे’ असे कधीच जाणवत नाही. त्याला एवढेच वाटते की दरबारीच्या ध्वनिमुद्रिकेत तानपुरा पूर्वीसारखा भरून येत नाही, आणि मग तो सुई बदलतो, केबल बदलतो, ॲम्प्लिफायरवर संशय घेतो.

एका परिचितांच्या घरी मी हे हाताने अनुभवले. उत्तम सागवानी पट्ट्या लावलेली सरकती दारे होती. आम्ही फोनवरून हळूहळू चढत जाणारा एकच सूर स्पीकरमधून सोडला, आणि मी दाराच्या मधोमध बोटांची टोके टेकवून उभी राहिले. नव्वदपर्यंत काही नाही. शंभर ओलांडताच लाकूड बोटांखाली मधमाशीच्या पंखासारखे थरथरू लागले, आणि सूर एकशे वीसच्या पुढे गेल्यावर पुन्हा निर्जीव झाले. ज्यांना कपाटच करायचे आहे त्यांनी फळी जाड घ्यावी, तिला मागून आडव्या पट्ट्या विषम अंतरावर ठोकाव्यात आणि पोकळीत रॉकवूल भरावे. दोष बराच आटोक्यात येतो. पण असे दार जड होते आणि त्याचे रूळही तितकेच भक्कम लागतात.

राहिला प्रोजेक्टर. त्याचा मोठा गुण असा की समोरच्या भिंतीवर त्याचे ओझे नसते. पडदा गुंडाळला की तिथे जवळजवळ काहीच उरत नाही. त्याचा मोठा अवगुण म्हणजे त्याचा पंखा. घरगुती प्रोजेक्टरचा आवाज उत्पादक साधारण 24 ते 32 डेसिबलच्या दरम्यान सांगतात, आणि रात्री शांत खोलीतला मुळातला आवाजही 25-30 डेसिबलच असतो. ध्वनिमुद्रिका ऐकताना प्रोजेक्टर बंदच असणार, हे खरे. पण आम्हाला पडद्यावर पाहायच्या होत्या त्या मैफली. मारधाडीचा चित्रपट असेल तर पंख्याची घरघर कोणाच्या ध्यानातही येणार नाही. आलापीत ती दर श्वासाला ऐकू येईल.

पंखा डोक्यावरच का येतो, याचे कारण भिंगात आहे. साध्या प्रोजेक्टरचे भिंग असे असते की चित्राच्या रुंदीच्या सव्वा ते दीड पट अंतरावर तो ठेवावा लागतो. दोन मीटर रुंदीच्या चित्रासाठी हे अंतर अडीच-तीन मीटर होते, आणि आमच्या खोलीत ती जागा म्हणजे बरोबर बसणाऱ्याच्या डोक्याच्या थोडी पुढे. त्यावर उपाय म्हणून लोक प्रोजेक्टरभोवती पेटी बांधतात. पेटी आवाज रोखते, पण उष्णताही रोखते. म्हणून हवेच्या वाटा काढाव्या लागतात, त्या वाटांना आतून मऊ अस्तर आणि एक-दोन वळणे द्यावी लागतात, आणि इंदूरच्या मे महिन्यात ती पेटी कितपत तग धरेल याची धास्ती कायम राहते.

आमची सुटका या घराच्या जुनेपणाने केली. खोलीच्या मागच्या भिंतीत, छताच्या जरा खाली, जिन्याच्या बाजूला उघडणारा एक झरोका होता. पूर्वी हवेसाठी ठेवलेला, नंतर कोणीतरी लाकडी फळीने बंद केलेला. चित्रपटगृहात प्रोजेक्टर वेगळ्या खोलीत असतो आणि काचेतून प्रकाश सोडतो. तीच रीत इथे लागू करता येईल, हे तो झरोका पाहताच सुचले. प्रोजेक्टर जिन्याच्या वरच्या चौकातल्या फळीवर, मध्ये विटांची जाड भिंत, आणि झरोक्यात काच. उष्णता जिन्यातून आपोआप वर निघून जाते, आणि पंख्याचा आवाज भिंतीपलीकडे राहतो.

यात काही अटी मात्र पाळाव्या लागतात. झरोक्यापासून पडद्यापर्यंत सुमारे 5.4 मीटर अंतर आणि चित्राची रुंदी सुमारे दोन मीटर, म्हणजे प्रमाण 2.65 येते. साध्या प्रोजेक्टरला हे जमत नाही. लांब पल्ल्याचे झूम असलेला प्रोजेक्टर लागतो, तो महाग असतो, आणि झूमच्या त्या टोकाला प्रकाशही बराच कमी मिळतो. खोली पूर्ण अंधारी करता येत असेल आणि पडदा आटोपशीर असेल, तर हा तोटा सोसवतो. प्रोजेक्टर छताजवळ आणि पडदा खाली, म्हणून चित्र खाली आणावे लागते, आणि ते भिंग सरकवूनच आणावे. चित्राचा आकार आतून गणिताने सरळ करण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, पण तिच्यात चित्राची बारकाई जाते. काचेचेही तसेच. साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवर मिळून सुमारे आठ टक्के प्रकाश परत फिरतो, आणि काच भिंगाला समांतर बसवली तर तो थेट भिंगात शिरून चित्रावर धूसर छाया येते. म्हणून तसबिरींसाठी मिळणारी, चकाकी घालवणारा लेप दिलेली विशेष काच घ्यावी आणि ती किंचित तिरकी बसवावी. मिस्त्रीला तिरकी काच मुळीच पटेना. ओळंबा लावून तो ती पुन्हा सरळ करू पाहत होता. शेवटी त्याला अंधारात टॉर्च लावून प्रतिबिंब कुठे पडते ते दाखवले, तेव्हा त्याने स्वतःच लाकडाची पाचर कापून तो कोन कायमचा करून टाकला.

पडद्याच्या बाबतीत माझा आग्रह एकच होता: स्पीकर जागचे हलणार नाहीत. साडेपाच मीटर लांबीच्या खोलीत सर्वांत खालचा घुमणारा स्वर 31 हर्ट्झच्या आसपास पडतो, चार मीटर रुंदीमुळे दुसरा 43 च्या आसपास. हे घुमणे सांभाळत स्पीकर आणि आसन यांची जागा फार कष्टाने ठरलेली असते. तेव्हा पडद्याने स्पीकरना जुळवून घ्यावे, स्पीकरनी पडद्याला नव्हे. 92 इंचांचा पडदा 204 सेंटिमीटर रुंद असतो, आणि आमच्या दोन स्पीकरच्या मधून तो कडेला बसलेल्या माणसालाही पूर्ण दिसतो. मोठ्या पडद्याचा मोह झाला होता, पण मग स्पीकर दूर सारावे लागले असते आणि मधला आवाज विरळ झाला असता.

पडदा हाताने ओढायचा, स्प्रिंगचा घेतला. तो छतात लपवण्यासाठी खोटे छत करावे असे सगळ्यांनी सुचवले. पण खोटे छत म्हणजे पुन्हा पातळ फळी आणि पोकळी, आणि ते करून मी तुळयाही गमावल्या असत्या. आम्ही पडद्याची नळी पहिल्या तुळईच्या मागे बसवली. बसल्या जागेवरून ती दिसत नाही. पण ऐकू येत होती. पडदा गुंडाळलेला असताना त्याच्या तळाची धातूची पट्टी नळीच्या तोंडाला टेकत होती, आणि सारंगीच्या खालच्या काही स्वरांवर तिथून अगदी बारीक कुरकुर येत होती. पट्टीच्या दोन्ही टोकांना आणि नळीच्या ओठाला आतून नमद्याच्या पट्ट्या चिकटवल्या, नळी जिथे तुळईवर आवळली तिथे रबराच्या चकत्या दिल्या, आणि कुरकुर गेली. पडद्याची व्यवस्था कितीही महागाची असो, ती बसवून झाल्यावर खालपासून वरपर्यंत एक सलग सूर सोडून खोलीभर हात फिरवत जावे. दिव्याची झाकणे, खिडकीची कडी, तसबिरीची मागची तार, सगळे त्यात सापडते.

विजेचे थोडक्यात सांगते. टीव्हीची किंवा डिशची केबल ॲम्प्लिफायरपर्यंत आली की स्पीकरमधून पन्नास-शंभर हर्ट्झची घुमी येण्याचा धोका असतो, कारण दोन वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंग जोडले जाऊन एक वेढा तयार होतो. आम्ही चित्र पुरवणारे यंत्रही जिन्याच्या चौकातच ठेवले आणि तिथून खोलीत आवाज आणला तो ऑप्टिकल केबलने. त्यामुळे पडद्याच्या सरंजामातून खोलीत धातूची एकही तार येत नाही. काचेतून चित्र आणि बारीक तंतूतून आवाज, दोन्ही प्रकाशाच्या रूपानेच येतात. वेगळे सेंटर स्पीकर किंवा साउंडबार यांची गरज भासली नाही. नीट मांडलेले दोन स्पीकर गायकाला पडद्याच्या मध्यावरच बसवतात.

सर्वांत जास्त वेळ एका वेगळ्याच गोष्टीने घेतला. प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करतो, त्यात काही क्षणांश जातात, आणि आवाज चित्राच्या आधी पोहोचतो. संवादांच्या चित्रपटात ओठ आणि शब्द यांत थोडी चूक असली तरी डोळा ती सोसतो. तबला मात्र काहीच सोसत नाही. चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, बोट पडलेले दिसण्याआधी ‘ना’ ऐकू आला की जवळून दिसणारी सगळी मैफल खोटी वाटू लागते. चित्र पुरवणाऱ्या यंत्रात आवाज मागे ठेवण्याची सोय होती, तिथे दहा-दहा मिलिसेकंदांनी पुढे-मागे करत आम्ही बसलो. मी आकडा बदलायची आणि सासूबाई पडद्यावरच्या तबलजीच्या हाताकडे पाहत मात्रा मोजायच्या. ‘अजून लवकर येतंय... आता उशीर झाला... हां, आता हात आणि बोल एकत्र आले.’ यंत्राने मोजूनही त्याच्या जवळपासचाच आकडा आला, पण शेवटी ठेवला तो त्यांनी सांगितलेला.

झरोका आणि जिना प्रत्येकाच्या नशिबी नसतो. विजयनगरच्या किंवा पलासियाच्या नव्या फ्लॅटमध्ये ऐकण्याची खोली म्हणजे बहुधा तिसरे बेडरूम, दहा बाय बारा फुटांचे, आणि पलीकडे शेजाऱ्याची भिंत. तिथे माझा सल्ला अगदी साधा आहे, आणि तो कपाटापेक्षा पुष्कळ स्वस्तही आहे: टीव्ही चाकांच्या स्टँडवर घ्यावा, त्रेचाळीस किंवा फार तर पंचावन्न इंचांचा, आणि ऐकताना तो दुसऱ्या खोलीत ढकलून न्यावा. त्यासाठी दाराचा उंबरठा काढून फरशी सलग करून घ्यावी, स्टँड जड पायाचा असावा, वायर स्टँडच्या दांड्याला बांधलेली असावी आणि दोन्ही खोल्यांत प्लग पॉइंट दाराजवळच असावा, म्हणजे टीव्ही आणण्या-नेण्याचा कंटाळा येऊन तो हळूहळू स्पीकरच्या मध्येच मुक्कामाला राहणार नाही.